शुद्धिपत्रात न मावलेले

बेंजामिन फ्रँकलिनच्या खिशात ऐन तारुण्यात एक छोटी वही असे. तिच्या प्रत्येक पानावर तांबड्या शाईने वारांचे सात उभे रकाने आखलेले होते आणि गुणांच्या तेरा आडव्या ओळी. मिताहार, मौन, व्यवस्थितपणा, निर्धार, काटकसर, उद्योग, सचोटी, न्याय, संयम, स्वच्छता, मनःशांती, शील आणि शेवटी नम्रता. दिवसभरात ज्या गुणाला धक्का लागला असेल, त्याच्या ओळीत त्या वाराखाली रात्री काळा ठिपका द्यायचा. दर आठवड्याला एका गुणावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवायचा, बाकीचे बारा नेहमीच्या हवाल्यावर सोडायचे. तेरा आठवड्यांत एक फेरी पुरी होई, वर्षात चार. नम्रता यादीत मुळात नव्हतीच. एका क्वेकर मित्राने, लोक तुला गर्विष्ठ समजतात असे तोंडावर सांगितले आणि पुरावेही दिले, तेव्हा ती तेरावी ओळ वाढली. म्हातारपणी या ओळीबद्दल लिहिताना त्याने मिस्कीलपणे कबूल केले आहे की गर्व पुरता जिंकला असता, तरी त्या विजयाचाच गर्व झाला असता.

वही फार दिवस टिकली नाही. नव्या फेरीसाठी जुने ठिपके खरवडून खरवडून कागदाला भोके पडली. मग त्याने तक्ता हस्तिदंती पानांवर उतरवला आणि ठिपके शिसपेनने द्यायला लागला, म्हणजे ओल्या स्पंजने पुसता येत. सर्वांत जास्त छळले ते व्यवस्थितपणाने. कागदपत्रे जागच्या जागी ठेवणे, ठरल्या वेळी ठरलेले काम करणे हे या माणसाला मरेपर्यंत जमले नाही. ते सांगताना तो एका कुऱ्हाडीची गोष्ट सांगतो. कुऱ्हाडीचे सगळे पाते धारेसारखे चकचकीत हवे म्हणून एकाने लोहाराला गळ घातली. लोहार म्हणाला, करतो, पण दगडाचे चाक तू फिरव. पाते दगडावर दाबून धरलेले, चाक जड. फिरवून फिरवून गिऱ्हाइकाचे हात भरून आले, आणि मग त्याला एकाएकी साक्षात्कार झाला की आपल्याला ठिपक्याठिपक्यांची कुऱ्हाडच जास्त आवडते.

ही वही पुढे बरीच बदनाम झाली. माक्स वेबरला फ्रँकलिनच्या उपदेशांत भांडवलशाहीचे मन सापडले, तर डी. एच. लॉरेन्सने 1923 साली त्याच्या तेरा गुणांची यथेच्छ टवाळी केली. टवाळी करायला जागा आहेच, कारण आत्म्याची अशी जमाखर्चाची वही ठेवणारा माणूस थोडासा कंटाळवाणा वाटतो. पण गंमत अशी की फ्रँकलिनचे खरे बळ त्या तेरा ओळींत कुठेच नाही. मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्या बोस्टनमधल्या एका कारागिराच्या सतरा मुलांतला हा पंधरावा. जन्म 1706 चा, शाळा जेमतेम दोन वर्षांची. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागलेला हा मुलगा बेचाळिसाव्या वर्षी धंद्यातून मोकळा होऊन विजेच्या मागे लागू शकला, त्याचे श्रेय उद्योगाला आणि काटकसरीला देता येईल. पण 1731 चे वर्गणीवर चालणारे ग्रंथालय, 1736 चे आग विझवणाऱ्यांचे पथक, पुढे विद्यापीठ झालेली अकादमी, हे सारे माणसे जमवण्याच्या हातोटीतून आले. ग्रंथालयाची वर्गणी मागताना त्याला एक गोष्ट कळली. सगळी कल्पना आपली आहे असे दिसले, की लोक हात आखडता घेतात. तेव्हापासून त्याने स्वतःला मागे ठेवले आणि ही काही मित्रांची योजना आहे, मी फक्त निरोप्या, असे सांगायला सुरुवात केली.

1751 च्या रुग्णालयाची हकिकत तर थेट चातुर्याची आहे. वर्गणी रेंगाळली, तेव्हा त्याने विधिमंडळापुढे ठराव मांडला की लोकांनी दोन हजार पौंड जमवले तरच सरकारने दोन हजार द्यावेत. एवढी रक्कम जमणार नाही याची विरोधकांना खात्री होती. पैसा न देता दानशूर म्हणवून घेता येते आहे हे पाहून त्यांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले. मग तोच ठराव दाखवून फ्रँकलिनने लोकांना सांगितले की तुमचा एक पौंड आता दोन पौंडांचा आहे. रक्कम जमली आणि सरकारलाही द्यावी लागली. आयुष्यातल्या इतर कोणत्याही राजकीय डावाने इतके सुख दिले नाही, अशा अर्थाचे तो पुढे लिहितो. या लबाडीबद्दल वहीत ठिपका पडला असेल असे वाटत नाही.

चुकांची भाषा त्याने आपल्या धंद्यातूनच उचलली. छापून झालेल्या पुस्तकातल्या चुका जशा शेवटच्या पानावरच्या शुद्धिपत्रात देतात, तशा त्याने आपल्या आत्मचरित्रात आयुष्यातल्या चुका नोंदवल्या आणि त्यांना तेच नाव दिले. हे लेखन 1771 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ट्वायफर्ड गावी, एका बिशप मित्राच्या घरी सुरू झाले. तेव्हा तो पासष्ट वर्षांचा होता. हेच आयुष्य पुन्हा जगायला आपली हरकत नाही, मात्र लेखकाला दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्तीची मुभा मिळते तेवढी मिळावी, असे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. मग एकेक चूक येते. भावाशी केलेला उमेदवारीचा करार मोडून सतराव्या वर्षी पळून जाणे ही पहिली. कुटुंबाच्या ओळखीतल्या व्हर्नन नावाच्या गृहस्थाने वसूल करायला सांगितलेले पैसे परस्पर वापरणे, फिलाडेल्फियात डेबोरा रीडला शब्द देऊन लंडनला गेल्यावर तिला एकच पत्र आणि तेही लवकर परतणार नाही असे लिहिणे, पापपुण्याचा भेदच उडवून लावणारी एक पोरकट पुस्तिका छापणे, परगावी गेलेल्या मित्राच्या सखीशी सलगी करू पाहणे, या पुढच्या.

यातल्या बहुतेक चुकांपुढे दुरुस्तीही लिहिलेली सापडते. व्हर्ननचे पैसे व्याजासह फेडले. पुस्तिकेच्या हाती उरलेल्या प्रती जाळल्या. भावाच्या मृत्यूनंतर पुतण्याला शाळेत घातले, छापखान्याचे काम शिकवले आणि त्याच्यासाठी नव्या खिळ्यांचा संच दिला. डेबोराचे मधल्या काळात दुसऱ्याशी लग्न होऊन तो नवरा परागंदा झाला होता. 1730 साली फ्रँकलिनने कोणत्याही विधीवाचून तिच्याशी संसार मांडला आणि ही मोठी चूक जमेल तेवढी सुधारली, असे लिहून ठेवले. वाचणाऱ्याला हळूहळू जाणवते की शुद्धिपत्रात तीच चूक येते आहे जिची दुरुस्ती शक्य आहे. फेडता येण्यासारखी देणी त्याने बिनचूक मांडली.

न फेडता येणारे त्याच पुस्तकात एका परिच्छेदापुरते येते. 1736 च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा फ्रँकी देवीने गेला. जेन्नरची लस अजून साठ वर्षे दूर होती, पण देवीच्या फोडातला अंश निरोग्याला टोचण्याची पद्धत अमेरिकेत आली होती आणि फ्रँकलिनचा तिच्यावर विश्वास होता. मुलगा हगवणीतून उठलेला होता, म्हणून टोचणे लांबले. गावात कुजबुज सुरू झाली की टोचल्यानेच पोर दगावले. तेव्हा या बापाने ऐन दुःखात आपल्याच वृत्तपत्रात खुलासा छापला: मुलाला टोचलेले नव्हते. खुलाशाला आणखी एक जुना पदर आहे. 1721 साली बोस्टनमध्ये टोचण्याच्या विरोधात सर्वांत कडवट रान उठवले होते ते त्याच्या भावाच्या वृत्तपत्राने, आणि त्या छापखान्यात तेव्हा हा पंधरा वर्षांचा उमेदवार काम करत होता. आत्मचरित्रात फ्रँकीसाठी त्याने शुद्धिपत्राची भाषा वापरलेली नाही. फार काळ पस्तावलो, अजून पस्तावतो, एवढेच आहे, आणि लगेच इतर आईबापांना सावध करणारे दोन शब्द. छत्तीस वर्षांनी बहिणीला लिहिलेल्या पत्रात मात्र, त्या मुलाची आठवण अजूनही उसासा टाकल्यावाचून येत नाही, असे तो सांगतो.

डेबोराचे खाते तर बंद झाल्याचे लिहून झाल्यावर पुन्हा उघडले गेले. 1757 मध्ये वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून फ्रँकलिन लंडनला गेला, पाच वर्षांनी परतला आणि 1764 मध्ये पुन्हा गेला. तिला समुद्राची भीती होती, ती कधी गेली नाही. फिलाडेल्फियात त्यांचे नवे घर त्याच्या पाठीमागे बांधून झाले. कोणत्या खोलीत काय मांडले ते ती आपल्या वेड्यावाकड्या स्पेलिंगांत कळवत राहिली. तो तिकडून चिनी मातीची भांडी आणि पडद्यांची कापडे पाठवत राहिला. 1765 मध्ये स्टॅम्प कायद्यावरून चिडलेला जमाव या घरावर चालून येणार अशी आवई उठली, तेव्हा ती बंदुका मागवून माडीवर ठाण मांडून बसली. पुढे तिला पक्षाघाताचा झटका आला. तिने परत येण्याबद्दल लिहावे आणि त्याने पुढचा हंगाम सांगावा, असे चालले असतानाच 1774 च्या डिसेंबरात ती गेली. दहा वर्षे दोघांची गाठ नव्हती. तिला दिलेला शब्द मोडल्याची चूक सुधारली, हे वाक्य त्याने लिहिले तेव्हा मध्ये अटलांटिक महासागर होता आणि पलीकडे आजारी बायको वाट पाहत होती. चाणाक्ष माणसाला स्वतःचे वाक्य किती बेमालूम फसवू शकते, त्याचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण.

आणि ज्याला उद्देशून हे सगळे लिहायला घेतले, तो मुलगा विल्यम. 1752 च्या पतंगाच्या प्रयोगात बापाबरोबर तोच होता. बापाच्याच वजनाने तो न्यू जर्सीचा गव्हर्नर झाला. क्रांती झाली तेव्हा बाप काँग्रेसकडे गेला, मुलगा राजाशी इमान राखून राहिला, पकडला गेला, तुरुंगात पडला. 1784 मध्ये त्याने समेटाचे पत्र पाठवले. उत्तरात फ्रँकलिनने जवळीक पुन्हा जुळेल असे लिहिले आणि त्याच पत्रात, म्हातारपणी एकुलत्या मुलाने सोडून द्यावे, एवढेच नव्हे तर आपल्याविरुद्ध शस्त्र धरावे, याएवढे कशानेच दुखावलो नाही, असेही लिहिले. पुढच्या वर्षी साउथॅम्प्टनला दोघे थोडे दिवस भेटले. झाले ते बरेचसे जमिनींचे आणि जुन्या देण्यांचे व्यवहार. आत्मचरित्राचा दुसरा भाग त्याने पॅरिसजवळच्या पासीला 1784 मध्येच लिहिला, पण आता ते मुलाला लिहिलेले पत्र उरले नव्हते. पहिल्या भागाच्या तोंडाशी मुलाला घातलेली हाक तशीच राहिली आहे.

एक चूक शुद्धिपत्रात कुठेच नाही. फ्रँकलिनच्या घरात गुलाम होते. त्याच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या आणि पळून गेलेल्यांना पकडून देण्याच्या जाहिराती छापल्या जात, आणि काटकसरीच्या ओळीत त्या उत्पन्नाबद्दल ठिपका पडत नसे. 1757 मध्ये बापलेक लंडनला निघाले तेव्हा पीटर आणि किंग असे दोघे गुलाम बरोबर होते. विल्यमच्या दिमतीचा किंग पळून गेला. पुढे सफकमध्ये एका बाईंच्या आश्रयाला तो सापडला, तेव्हा लिहायला-वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत होता. ही बातमी फ्रँकलिनने बायकोला काहीशा कौतुकानेच कळवली. मत पालटले ते सावकाश. 1763 मध्ये फिलाडेल्फियातली काळ्या मुलांची शाळा पाहून आल्यावर त्याने पत्रात मान्य केले की ही मुले बुद्धीने गोऱ्या मुलांइतकीच आहेत. आयुष्यातल्या किरकोळ उधाऱ्या नोंदवणाऱ्या माणसाने ही बाब आत्मचरित्रात उल्लेखापुरतीही घेऊ नये, याचा अर्थ लावताना घाई नको. मजकूर 1757 च्या आसपास अपुरा थांबतो, हे खरे. पण घरात गुलाम आले ते त्याच्या किती तरी आधी.

अमेरिकी समाजाबद्दलच्या त्याच्या आशाही अशाच ठिपक्याठिपक्यांच्या आहेत. 1784 मध्ये, अमेरिकेत येऊन वसू पाहणाऱ्यांसाठी त्याने एक माहितीपत्र लिहिले. तिथे फार श्रीमंत थोडे आणि फार गरीबही थोडे, सगळा समाज मधल्या सुखाचा; कुळाचे मोल नाही, आलेल्याला काय करता येते ते विचारतात. साबणवाल्याच्या मुलाला हे म्हणण्याचा अधिकार होता. पण 1751 च्या लोकसंख्येवरच्या निबंधात हाच माणूस पेनसिल्व्हेनियात येणाऱ्या जर्मनांवर उखडला होता. हे अडाणी लोक आपले बनण्याऐवजी आपल्यालाच जर्मन बनवतील, असा सूर होता, आणि गोऱ्यांखेरीज इतरांची भर कशाला, असाही. निबंध छापून निघाला, आणि 1764 च्या निवडणुकीत विरोधकांनी नेमकी तीच वाक्ये जर्मन मतदारांपुढे नाचवली. फ्रँकलिन पडला. आलेल्याला हुनर विचारणारा देश आणि आलेल्याकडे डोळे वटारणारा देश एकाच लेखणीतून उतरले. ते दोन्ही देश आजवर त्या एकाच सीमांत नांदत आहेत.

1787 च्या घटनापरिषदेत तो एक्क्याऐंशी वर्षांचा, सर्वांत वयस्क सभासद होता. शेवटच्या दिवशी, 17 सप्टेंबरला, त्याचे भाषण जेम्स विल्सनने वाचून दाखवले. या घटनेतले काही भाग मला पटलेले नाहीत, असे तिथे सरळ म्हटले होते. पण वयाने आपल्याला आपल्याच मतावर शंका घ्यायला शिकवले आहे, तशीच शंका इतरांनीही आपापल्या मतावर थोडी घ्यावी आणि सही करावी. वहीतली तेरावी ओळ इथे कामी आली असे म्हणावेसे वाटते. मसुद्यात दुरुस्तीची वाट ठेवलेली होती, आणि मुद्रितशोधनात हयात गेलेल्या माणसाला पहिली आवृत्ती निर्दोष असण्याचा आग्रह नव्हता. मात्र त्याच वर्षी तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला होता. संस्थेने परिषदेपुढे मांडण्यासाठी दिलेले निवेदन त्याने पुढे केलेच नाही. एकी टिकावी म्हणून गप्प बसणे हा व्यवहार होता. यादीतल्या दुसऱ्या गुणाचे, मौनाचे, नाव त्याला देणे मात्र कठीण.

संस्थेचे असे निवेदन निघाले ते 3 फेब्रुवारी 1790 ला. गुलामांची सुटका व्हावी अशी मागणी करणाऱ्या त्या अर्जावर पहिल्या काँग्रेसपुढे फ्रँकलिनची सही गेली. सभागृहात वादळ झाले, आणि अखेर सुटकेचा अधिकार काँग्रेसला नाही म्हणून बाब बाजूला सारली गेली. जॉर्जियाचे जेम्स जॅक्सन गुलामगिरीच्या समर्थनार्थ बोलले. त्यावर फ्रँकलिनने वृत्तपत्रात एक बनावट भाषण लिहिले. अल्जिअर्सच्या दरबारातला सिदी मेहेमेत इब्राहिम नावाचा काल्पनिक सरदार, ख्रिस्ती माणसांना गुलाम ठेवणे का आवश्यक आहे, ते जॅक्सन यांच्याच युक्तिवादांनी पटवून देतो. लेखावरची तारीख 23 मार्चची. 17 एप्रिलला फ्रँकलिन वारला. ज्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली ती घटनेत उतरायला 1865 उजाडले, आणि तेही यादवी युद्धातून. त्यानंतर आठ वर्षांनी पुण्याच्या जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. जोतीरावांनी तरुणपणीच ज्यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले होते, ते टॉमस पेन 1774 मध्ये अमेरिकेला निघाले तेव्हा त्यांच्या खिशात फ्रँकलिनचे ओळखपत्र होते. उशिरा केलेल्या एका सहीपेक्षा ते पत्र कदाचित अधिक दूर पोचले.

अपुऱ्या आत्मचरित्राचा शेवटचा भाग म्हणून वाचावे असे एक लिखाण उरते, ते 1788 चे मृत्युपत्र आणि त्याला पुढच्या वर्षी जोडलेली पुरवणी. त्यात स्वतःची ओळख करून देताना मुद्रक आधी येतो, फ्रान्समधला राजदूत नंतर. विल्यमला नोव्हा स्कोशियातल्या जमिनी आणि जवळ असलेली पुस्तके व कागद. अधिक का नाही, याचे कारण युद्धातले त्याचे वागणे सर्वांना ठाऊक आहे, एवढ्यावर आटोपलेले. जावयाकडचे दोन हजारांहून अधिक पौंडांचे कर्ज माफ, त्याबद्दल त्याने आपला गुलाम बॉब याला लगेच मोकळे करावे. मुलगी सेराला फ्रान्सच्या राजाने दिलेले राजाचेच चित्र, भोवती 408 हिरे. त्यांचे दागिने घडवून या देशात नटण्याची निरुपयोगी आणि महागडी चाल पाडू नये, ही विनंती. सेराने दागिने केले नाहीत. काही हिरे विकून ती नवऱ्याबरोबर युरोप पाहून आली.

पुरवणीत बोस्टन आणि फिलाडेल्फियाला एकेक हजार पौंड आहेत. ही रक्कम पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष म्हणून मिळालेल्या पगारातली, कारण सार्वजनिक कामाला पगार असू नये असे त्याचे मत होते. पंचविशीच्या आतल्या, लग्न झालेल्या, उमेदवारी नीट पुरी केलेल्या कारागिरांना पाच टक्के व्याजाने कर्ज द्यायचे. त्यालाही तरुणपणी दोन मित्रांनी असाच पैसा उसना दिला होता. शंभर वर्षांनी 1,31,000 पौंड होतील, त्यांतले एक लाख सार्वजनिक कामांना लावावेत, उरलेले आणखी शंभर वर्षे फिरवावेत, म्हणजे 40,61,000 होतील, असा हिशेब त्याने मांडला. हिशेब चुकला. पुढे उमेदवारीची पद्धतच मोडली, जामीन देऊ शकणारे तरुण कारागीर मिळेनात, आणि पैसा इतरत्र गुंतवावा लागला. तरी 1990 मध्ये मुदत संपली तेव्हा बोस्टनच्या खात्यात पन्नास लाख डॉलरच्या आसपास आणि फिलाडेल्फियाच्या खात्यात वीस लाखांवर रक्कम होती. बोस्टनमध्ये मधल्या काळातच या निधीतून एक तंत्रशाळा उभी राहिली होती. फिलाडेल्फियातला काही भाग हातचे काम शिकू पाहणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्त्यांकडे गेला. त्यांना लग्नाची अट घातली नाही.